राजापूरची खाडी : पाणी एक, हिशेबही एकच हवा

राजापूर तालुक्यातलं नाटे हे गाव समुद्रकाठचं खरं, पण त्याचं पोट भरते खाडी. सह्याद्रीतून उतरणारी अर्जुना राजापूर शहराजवळ कोदवली नदीला मिळते आणि पुढे भरतीच्या खाऱ्या पाण्यात मिसळत जैतापूर आणि नाटे यांच्यामधून अरबी समुद्राला भेटते. उत्तर तीरावरचा यशवंतगड याच जलमार्गावर नजर ठेवून असे. सतराव्या शतकात राजापूर नामांकित बंदर होतं, इंग्रजांची वखार तिथे होती. पुढे खाडीत गाळ साचत गेला, मोठी गलबतं राजापूरपर्यंत जाईनाशी झाली.

गाळ बंदराच्या मुळावर आला, तरी कांदळवनाला आधार चिखलाचाच. तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकतो आणि चिखलातून वर काढलेल्या मुळांनी श्वास घेतो. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि लांब कोंब घेऊन मगच खाली पडतं. चिपीला 2020 मध्ये राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. कोळंबीच्या अनेक जाती समुद्रात अंडी घालतात, पण त्यांची पिल्लं वाढतात ती खाडीत, या मुळांच्या आडोशाला. म्हणून साखरी-नाटेच्या मच्छीमाराला समुद्रात मिळणारी कोळंबी खाडीचंच देणं असते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात बायका मुळे नावाचे शिंपले आणि कालवं काढतात. हिवाळ्यात तिथेच उत्तरेकडून आलेले तुतवार आणि चिखले चरतात. वरचा जांभ्याचा सडा पावसाचं पाणी मुरवतो आणि ते झऱ्यांवाटे खाली सोडतो.

या साखळीवर मोठे प्रकल्प येऊ घातले आहेत. माडबनच्या अणुऊर्जा प्रकल्पात प्रत्येकी 1650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. 2010 च्या पर्यावरण मंजुरीत, समुद्रात सोडलेलं पाणी मूळ पाण्यापेक्षा 5 अंशांहून अधिक गरम नसावं, अशी अट होती. 2022 मध्ये बारसूची जागा तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी सुचवली गेली, तेव्हा कच्च्या तेलाच्या टर्मिनलसाठी नाव आलं ते नाटेचं. प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल वेगळा, सुनावणी वेगळी. गरम पाणी, तेलाची वाहतूक आणि डोंगरावरून येणारा गाळ यांचा एकत्र भार मात्र एकाच खाडीवर पडणार आहे. तो मोजल्याशिवाय दिलेली कोणतीही परवानगी अपुरी आहे.

कायद्याचं बळ कमी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला आणि कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. जमीन खासगी असली तरी हे संरक्षण लागू होतं. राज्याच्या वन विभागात 2012 पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. खेकडापालन आणि कालवपालनासारख्या व्यवसायांतून किनारी गावांना उत्पन्न मिळावं, यासाठी राज्याची योजनाही आहे. जंगल राखणाऱ्याच्या हाती चार पैसे आले, तरच ते जंगल टिकेल.

जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोकांच्या माहितीतून तयार झालेली जैवविविधता नोंदवही असायला हवी. राजापूरपासून नाटेपर्यंतच्या खाडीकाठच्या गावांनी ही नोंदवही एकत्र बसून लिहावी: कोणता मासा कुठे अंडी घालतो, मुळे कुठे कमी झाले, कोणता झरा आटला. ही माहिती मच्छीमारांकडे आणि मुळे काढणाऱ्या बायकांकडे आहे. ती कागदावर आली, तर पुढच्या प्रत्येक जनसुनावणीत गावाच्या हाती स्वतःचा पुरावा असेल.