नखभर दुखणे

आपल्या मराठीने नखाला मोठा मान दिला आहे. सौंदर्याचे वर्णन आपण नखशिखांत करतो. चांगल्या कामाला कोणी नख लावले की हळहळतो. पण ज्या नखांवर कित्येक घरांची चूल पेटते, ती नखे मात्र आपल्या दृष्टीस क्वचितच पडतात.

सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळताना दिसतात. तेंदूची पाने मऊ पडावीत म्हणून ती भिजवावी लागतात. पलीकडे चादरी-टॉवेलांचे सूत रंगवणाऱ्यांचे हात ओल्या लडींत असतात. बोटे सतत ओली राहिली की नखाच्या मुळाशी घट्ट चिकटलेली कातडी सुटते. तिथून पाणी शिरते, मागोमाग बुरशी. कडा सुजते, ठणका लागतो. पुढे नख पिवळट, जाड आणि ठिसूळ होते. रंगाऱ्याची पंचाईत अशी, की हा पिवळेपणा रंगाखालीच झाकून जातो! शेतमजुरांना पावसाळ्यात चिखल्या होतात. त्यांतली बुरशीही पुढे पायाच्या नखांत उतरते.

“नखच ते, त्याचे एवढे काय?” असे कोणी म्हणेल. पण विडीची मजुरी हजारी असते, आणि विडीचे तोंड बोटांच्या टोकांनीच दुमडायचे असते. ठणकत्या बोटाने हजार भरायचे कसे? मधुमेह असेल तर पायाच्या बिघडलेल्या नखाशेजारी झालेली जखमही चिघळू शकते.

या रोगावर पोटात घेण्याचे पहिले औषध, ग्रिझिओफुल्विन, 1958 च्या सुमारास आले. आज त्याहून गुणकारी गोळ्या आहेत. हाताच्या नखांना साधारण सहा आठवडे आणि पायाच्या नखांना बारा आठवडे त्या घ्याव्या लागतात. मात्र प्रत्येक खराब नख बुरशीचेच नसते. मार लागून किंवा सोरायसिसनेही नख बिघडते. म्हणून नखाचा तुकडा तपासून घ्यावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच औषध सुरू करावे. हाताचे नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढते. नवे नख यायला सहा महिने लागतात, पायाचे तर वर्ष-दीड वर्ष. चार दिवसांत फरक दिसेना म्हणून औषध सोडले, की केलेला खर्च पाण्यात जातो.

हातमोजे घालून विडी वळता येत नाही, हे खरे. पण काम संपल्यावर हात पुसून कोरडे करता येतात, नखे आखूड ठेवता येतात, आपली नखकात्री वेगळी ठेवता येते. रंगाऱ्याला आणि आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना रबरी हातमोजे, आत सुती मोजे, देता येतात. चारचौघांचे अंग पुसणारे टॉवेल विणणाऱ्या या गावात कष्टकऱ्यांच्या हाताला एक कोरडा टॉवेल मिळावा, एवढे मागणे तर नखभरच आहे!