मेन्थिया : पातळपणाचा आळ आणि खरी वेल

स्पॅनिश रेड वाइन म्हटलं की रिओखा हा प्रदेश आणि तेम्प्रानियो हे द्राक्ष, ही दोनच नावं बहुतेकांना आठवतात. वायव्य स्पेनच्या डोंगरांत पिकणारी मेन्थिया त्या मानाने मागे राहिली, आणि तिची जी ओळख जगाला झाली तीही बरीचशी चुकीची. मूळची फ्रेंच, चवीला पातळ, वर्षभरात पिऊन टाकावी अशी, हे सारं तिच्याबद्दल अनेकदा सांगितलं गेलं आहे. यातलं बरंचसं खोटं आहे. जे थोडं खरं होतं, त्याचा दोष वेलीचा नव्हता.

सर्वांत लाडकी कथा यात्रेकरूंची आहे. सांतियागो दे कोम्पोस्तेलाला जाणारी जुनी यात्रेची वाट बिएर्थो खोऱ्यातून, म्हणजे मेन्थियाच्या माहेरातून जाते. पोन्फेर्रादा, काकाबेलोस आणि मग डोंगराच्या पायथ्याचं बियाफ्रांका. तिथल्या चर्चला ‘क्षमेचं दार’ आहे. आजारपणामुळे पुढचा घाट चढता न येणाऱ्या यात्रेकरूला त्या दाराशीच यात्रेचं पुण्य मिळत असे. याच वाटेने कुणा फ्रेंच यात्रेकरूने कॅबर्ने फ्रां या द्राक्षाची काडी आणली आणि तिचीच पुढे मेन्थिया झाली, असं सांगतात. दोन्ही वाइनच्या वासात थोडं साम्य आहे, त्यामुळे ही कथा लोकांना पटलीही. डीएनए तपासणीने मात्र ती खोडून काढली. कॅबर्ने फ्रांशी मेन्थियाचा जवळचा संबंध नाही. पोर्तुगालच्या दाऊं भागात पिकणारं झाएन हे द्राक्ष आणि मेन्थिया एकच आहेत, आणि या वेलीचे आई-बाप आल्फ्रोशेइरो आणि पातोर्रा ही पोर्तुगालमधली जुनी द्राक्षं आहेत. वेल इबेरियाचीच आहे. म्हणून दाऊंची निव्वळ झाएन कुठे दिसली तर ती जरूर घ्यावी. तेच द्राक्ष दुसऱ्या मातीत कसं लागतं ते कळतं.

आता पातळपणाचा आळ. हा आळ समजून घ्यायचा तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावं लागतं. मुळांवर जगणारी फायलोक्सेरा ही कीड तेव्हा बिएर्थोत पोचली आणि तिने मळेच्या मळे मारले. उपाय एकच होता, या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलम करून नवी लागवड. खुंट-कलमाची ही रीत आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना चांगली ठाऊक आहे. तिकडे ती किडीसाठी आली, इकडे डॉगरिजसारखा खुंट प्रामुख्याने क्षार आणि पाण्याचा ताण सोसण्यासाठी वापरतात. नवी लागवड करताना बिएर्थोतले बरेच मळे उतारावरून खोऱ्याच्या तळाशी, सुपीक जमिनीत उतरले. वेली जोमाने वाढल्या, घडांनी लगडल्या. पुढे विसाव्या शतकात बराचसा माल सहकारी वायनरींकडे जाऊ लागला आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने किलोला महत्त्व आलं. एका वेलीवर घड वाढले की प्रत्येक मण्यातला रंग, वास आणि गाभा कमी होतो. त्यात मेन्थिया लवकर पिकते आणि तोडणीला थोडा उशीर झाला तरी तिची आम्लता झपाट्याने उतरते. पातळ, बेचव वाइन तयार व्हायला एवढं पुरेसं होतं.

बिएर्थोला स्वतंत्र मूळस्थानाचा दर्जा 1989 मध्ये मिळाला, पण चित्र पालटलं ते त्यानंतर दहा वर्षांनी. स्पेनमधल्याच प्रिओरात या वाइनच्या प्रदेशात नाव कमावलेले आल्वारो पालाथिओस आणि त्यांचा भाचा रिकार्दो पेरेथ यांनी 1999 मध्ये कोरुयोन गावाभोवतीच्या उतारांवरच्या जुन्या वेली हाती घेतल्या. चढ इतका की ट्रॅक्टर चालत नाही, नांगराला खेचर जुंपावं लागतं. जमीन पाटीच्या दगडाची, पाणी न धरणारी. वेल म्हातारी, घड मोजके. त्या घडांतून निघालेली वाइन गडद, सुगंधी आणि बाटलीत वर्षानुवर्षं सुधारत जाणारी होती. त्यांचा ला फाराओना हा मळा जेमतेम अर्ध्या हेक्टरचा आहे, आणि त्याची वाइन आज स्पेनमधल्या महागड्या वाइनमध्ये गणली जाते. त्याच खोऱ्यातल्या राउल पेरेथ यांनीही जुन्या मळ्यांतून हेच दाखवून दिलं. द्राक्ष तेच होतं. बदलली ती जागा आणि माणसाची घाई.

शेजारच्या गालिसियात रिबेइरा साक्रा आहे. मला स्वतःला तिथली मेन्थिया जास्त आवडते. सील आणि मिन्यो नद्यांच्या घळींत दगडी बांध घालून केलेल्या अरुंद पायऱ्यांवर वेली उभ्या आहेत. एकेका पायरीवर वेलींची एखाददुसरी ओळ, आणि खाली थेट नदी. तोडणीच्या वेळी भरलेले क्रेट माणसं खांद्यावरून नेतात. काही मळ्यांत ते रुळांवरच्या लहान गाडीने वर ओढतात, तर काही ठिकाणी खाली होडीत चढवतात. यंत्राला इथे जवळपास वावच नाही. इथल्या बाटलीची किंमत पाहून कुणी नाक मुरडलं, तर त्याला हा उतार आधी दाखवावा.

पाटीच्या दगडावरून आणखी एक समज पसरला आहे. वेल मुळांवाटे दगडाची चव शोषते आणि तीच पेल्यात उतरते, असं वाइनच्या वर्णनांत सर्रास लिहिलं जातं. वेल मुळांतून पाण्यात विरघळलेली पोषकद्रव्यं घेते, दगड नाही. आणि वाइनमध्ये उतरणारी खनिजं इतकी थोडी असतात की बहुधा त्यांची चव जिभेला कळतही नाही. भूशास्त्रज्ञ अॅलेक्स मॉल्टमन यांनी हा मुद्दा वारंवार मांडला आहे. दगडाचं काम वेगळं आहे. तो पाणी वाहून जाऊ देतो, दिवसाची ऊब धरून ठेवतो आणि वेलीला फार माजू देत नाही. वाइनवर त्याचा परिणाम होतो तो या मार्गाने.

रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी, हा नियम थंड देशांतल्या घरांसाठी होता. मे महिन्यातल्या पुण्या-मुंबईच्या तीस-बत्तीस अंशांत मेन्थियाचा फुलांसारखा वास हरवतो आणि नुसता अल्कोहोल नाकात जातो. ती चौदा-पंधरा अंशांना उत्तम लागते, म्हणून ओतण्याआधी तेवढी गार होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावी.

रोज पेलाभर रेड वाइन हृदयाला चांगली, हा समज तर आता सोडूनच द्यायला हवा. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं, आणि द्राक्ष कुठलंही असलं तरी त्याला अपवाद नाही. मेन्थिया प्यायची ती चवीसाठी, थोडी आणि जेवणासोबत. बिएर्थोत तिच्या जोडीला बोतियो असतो. मसाला लावून, आतड्यात भरून धुरवलेलं हे डुकराचं मांस बटाटे आणि कोबीबरोबर शिजवतात. तेलकट, धुरकट घासानंतर या वाइनची आम्लता जीभ स्वच्छ करते.