उणे वजनाचे मॅग्नेशिअम

मॅग्नेशिअम व अ‍ॅल्युमिनिअम यांच्या ०.१ ग्रॅम मिश्रणावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल भरपूर घातले. पाण्यावर गोळा केलेला हायड्रोजन १३५ मिलिलिटर भरला. तर मिश्रणात प्रत्येक धातू किती?

असे उदाहरण दिसताच आपण क्ष आणि य मांडून मोकळे होतो. पण जरा थांबा.

२४ ग्रॅम मॅग्नेशिअमपासून २ ग्रॅम हायड्रोजन मिळतो, तर २७ ग्रॅम अ‍ॅल्युमिनिअमपासून ३ ग्रॅम. शून्य अंश सेल्सिअस तापमान व ७६० मिलिमीटर दाब असताना २ ग्रॅम हायड्रोजन २२.४ लिटर जागा व्यापतो. म्हणून ०.१ ग्रॅम शुद्ध मॅग्नेशिअमपासून ९३.३ व तितक्याच अ‍ॅल्युमिनिअमपासून १२४.४ मिलिलिटर वायू मिळेल. मिश्रण कसेही असो, उत्तर या दोहोंच्या दरम्यानच पडणार. अकोल्याहून रेल्वेने अमरावतीकडे निघालेल्याला मूर्तिजापूर लागेल, भुसावळ लागणार नाही!

आणि आपला वायू तर १३५. तसेच गणित रेटले तर अ‍ॅल्युमिनिअम ०.१३४ ग्रॅम येते आणि मॅग्नेशिअम उणे ०.०३४ ग्रॅम!

रसायनशास्त्राचे काही चुकलेले नाही. आपण वऱ्हाडातला उन्हाळा विसरलो. समजा, प्रयोगशाळेतले पाणी ३५ अंशांवर होते आणि वायुभारमापक ७३५ मिलिमीटर दाखवीत होता. अकोला-अमरावती समुद्रसपाटीपासून उंच असल्याने येथे ७६० ची अपेक्षाच करू नये. शिवाय नळीत नुसता हायड्रोजन नाही, पाण्याची वाफही आहे. ३५ अंशांना तिचा दाब ४२ मिलिमीटर असतो. तेव्हा हायड्रोजनचा स्वतःचा दाब ७३५ − ४२ = ६९३ मिलिमीटर.

१३५ × (२७३ ÷ ३०८) × (६९३ ÷ ७६०) = १०९.१ मिलिलिटर.

आता क्ष-य ची गरजही नाही. सगळे मॅग्नेशिअम असते तर ९३.३ मिळाले असते. त्याहून १५.८ जास्त मिळाले. सगळे अ‍ॅल्युमिनिअम असते तर ३१.१ जास्त मिळाले असते. १५.८ ला ३१.१ ने भागा : ०.५१. म्हणजे अ‍ॅल्युमिनिअम ०.०५१ ग्रॅम व मॅग्नेशिअम ०.०४९ ग्रॅम.

(प्रत्यक्ष करताना घाई नको. अ‍ॅल्युमिनिअमवर ऑक्साइडचा पातळ थर असल्याने बुडबुडे उशिरा सुरू होतात. शिवाय क्रियेने वायू तापतो. तो निवल्यावरच वाचन घ्यावे.)

हेच मिश्रण जानेवारीत घ्या. दाब तोच आणि पाणी २० अंशांवर असेल, तर नळीत १२४ मिलिलिटर वायू दिसेल. हा आकडा मर्यादेत बसतो. दुरुस्ती न करणारा विद्यार्थी ‘अ‍ॅल्युमिनिअम जवळजवळ ९९ टक्के’ असे लिहून वही मिटतो, आणि शंका कोणालाच येत नाही.