अँकर: प्रतिस्पर्ध्यांना दार उघडं ठेवणारी ब्रुअरी

अमेरिकेतल्या क्राफ्ट बिअरचा इतिहास सांगणारे बहुधा सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीपासून सुरुवात करतात, आणि तीही एका देखण्या गोष्टीने. वॉशिंग मशिनवाल्या मेटॅग घराण्यातला २७ वर्षांचा फ्रिट्झ मेटॅग आपली आवडती बिअर बंद पडणार असं ऐकतो आणि १९६५ मध्ये त्या कारखान्याचा ५१ टक्के हिस्साच विकत घेतो. गोष्ट खरी आहे, पण ती ऐकून श्रीमंताने हौस पुरवली एवढंच मनात राहतं. अँकरचं मोठेपण त्याहून रूक्ष कामात होतं. छोट्या कारखान्याची बिअरसुद्धा दर खेपेला बिनचूक निघू शकते हे तिने करून दाखवलं, आणि ते कसं साधतं हे येणाऱ्याजाणाऱ्यापासून लपवलं नाही.

अँकरची ‘स्टीम बिअर’ मुळात अडचणीतून निघालेली तडजोड होती. १८४९ नंतर सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात माणसांचा लोंढा आला. त्यांच्यासाठी बिअर करणाऱ्यांकडे लागर जातीचं यीस्ट होतं. त्याला थंडी लागते, आणि बर्फ तर मिळत नव्हता. तेव्हा त्यांनी रुंद, उथळ, उघड्या हौदांत उबदार हवेतच बिअर आंबवायला सुरुवात केली. उथळपणामुळे उष्णता निघून जाई आणि काम भागे. श्रमिकांचं हे स्वस्त पेय होतं. अर्न्स्ट बारुथ आणि त्याचा जावई ऑटो शिंकेल यांनी १८९६ मध्ये एक जुनी ब्रुअरी घेऊन तिला अँकर हे नाव दिलं. पुढे १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत ती जळाली, १९२० ते १९३३ दारूबंदीत बंद राहिली, १९५९ मध्ये पुन्हा टाळं लागलं आणि वर्षभरात निघालं. मेटॅगच्या हाती आलेली बिअर अनेकदा आंबट निघे.

त्याने आधी सूक्ष्मदर्शक आणला, पाश्चरचं संशोधन वाचलं आणि हौद, नळ्या, पिंपं स्वच्छ ठेवण्याचा ध्यास घेतला. बड्या कंपन्या तांदूळ-मका घालून बिअर सौम्य आणि स्वस्त करत असताना त्याने निव्वळ बार्लीच्या माल्टचा आग्रह धरला. १९७१ मध्ये बिअर बाटल्यांत आली, पुढच्या वर्षी गडद पोर्टर आली. १९७५ मध्ये आलेल्या ‘लिबर्टी एल’मध्ये फक्त कॅस्केड जातीचे हॉप्स होते, आणि तो संत्र्याच्या सालीसारखा कडवट सुगंध तेव्हाच्या अमेरिकन जिभेला अनोळखी होता. यातली बहुतेक वर्षं तोट्याचीच गेली. घरचा पैसा नसता तर कारखाना दोन वर्षांत बुडाला असता, हा आक्षेप मला मान्य आहे. पण पैशाने तोटा सोसता येतो. नासलेली बिअर पैशाने सुधारत नाही. शिवाय मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली तेव्हा मेटॅगने बिअर दुसरीकडून करून न घेता वितरकांना मोजूनमापून दिली. १९९२ मध्ये शेअर बाजारात उतरण्याचा विचारही त्याने सोडून दिला. हौशी माणूस इतकी वर्षं असा हिशेबी राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जॅक मॅकऑलिफने १९७६ मध्ये सोनोमात दुग्धव्यवसायातली जुनी भांडी जोडून ‘न्यू अल्बियन’ पायापासून उभी केली. मग आद्य मान त्याचा नको का? नव्याने उभारलेली पहिली, या अर्थी तो त्याचाच आहे. पण मॅकऑलिफ आधी अँकर पाहून आला होता. १९८० मध्ये चिको गावात ‘सिएरा नेवाडा’ सुरू करणारा केन ग्रॉसमनही तिथे जाऊन आला होता. न्यू अल्बियन १९८२ मध्ये बंद पडली, सिएरा नेवाडा मात्र अँकरच्याही कितीतरी पुढे गेली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत शंभरही ब्रुअऱ्या नव्हत्या. आज नऊ हजारांहून जास्त आहेत. याचं श्रेय एकट्या अँकरला देणं भाबडेपणा ठरेल. १९७६ मध्ये छोट्या उत्पादकांचा कर कमी झाला, १९७८ मध्ये घरी बिअर करण्याला कायद्याने मोकळीक मिळाली. पण नव्या माणसाला कायद्याच्या जोडीला चालता नमुनाही बघायला लागतो, आणि तो तेव्हा अँकरमध्येच होता. १९७९ पासून तिचा मुक्काम मॅरिपोसा स्ट्रीटवरच्या एका जुन्या कॉफी कारखान्यात होता.

मेटॅगने २०१० मध्ये अँकर विकली. २०१७ मध्ये ती जपानच्या सप्पोरो कंपनीकडे गेली. २०२१ मध्ये हातांनी चितारलेली जुनी लेबलं बदलली आणि चाहते चिडले. जुलै २०२३ मध्ये कारखाना बंद करत असल्याचं जाहीर झालं. सगळा दोष सप्पोरोला देणं सोपं आहे, आणि लेबलांचा निर्णय खरोखरच अडाणीपणाचा होता. पण अँकरची जी खासियत होती ती एव्हाना गल्लोगल्ली मिळू लागली होती. १९७५ मध्ये धाडसी वाटलेली लिबर्टी एल नव्या, दणकट कडू बिअरींपुढे मवाळ ठरली. आपल्याकडून शिकलेल्यांनीच आपल्याला मागे टाकणं ही धंद्यातली हार नक्कीच आहे, पण त्यावरून मूळ विचार चुकीचा होता असं ठरत नाही. ३१ मे २०२४ रोजी चोबानी दह्याचा संस्थापक हमदी उलुकाया याने अँकरची इमारत, यंत्रसामग्री आणि पाककृती विकत घेतल्या.