स्कायडायव्हिंग शिकायचंय? मग पहिलं पॅराशूट मोठंच का असावं लागतं?

खारघरहून गाडी काढली की दीड-दोन तासांत कामशेत गाठता येतं. तिथे डोंगरउतारावरून धावत जाऊन पॅराग्लायडिंग करता येतं. पण विमानातून उडी मारायला, म्हणजे स्कायडायव्हिंग शिकायला कुठे जायचं? आणि शिकून झाल्यावर पॅराशूट कोणतं घ्यायचं?

यातला दुसरा प्रश्न फक्त खरेदीचा वाटतो, पण या खेळात जीव सांभाळण्याचा बराचसा भाग त्याच्याच उत्तरात आहे.

पॅराग्लायडर आणि पॅराशूट यांत फरक काय?

पॅराग्लायडर जमिनीवरच पसरून हवेने भरला जातो आणि मग पायलट उडतो. त्याचं काम हवेत तरंगत राहणं. स्कायडायव्हिंगचं पॅराशूट पाठीवरच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं असतं आणि ते ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने खाली येताना उघडावं लागतं. हा झटका सोसण्यासाठी त्याची रचना वेगळी असते. म्हणून कामशेतचा अनुभव वाऱ्याचा अंदाज घ्यायला उपयोगी पडला, तरी पॅराग्लायडर घेऊन विमानातून उडी मारता येत नाही.

खारघरवर उडी का मारता येत नाही?

उडीसाठी विमान साधारण १० ते १३ हजार फुटांवर जातं. तेवढी हवाई हद्द मोकळी लागते. खारघरच्या एका बाजूला मुंबईचं विमानतळ आहे. दुसऱ्या बाजूला, पनवेल तालुक्यातच, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेलं नवी मुंबई विमानतळ. शिवाय उतरण्यासाठी तारा, इमारती आणि झाडं नसलेलं मोठं सपाट मैदान हवं. डोंगर, टॉवर आणि उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांच्या परिसरात ते शक्य नाही.

भारतात हरियाणातील नारनौलजवळ बाछोदच्या धावपट्टीवर प्रामुख्याने टँडम उड्या होतात. परवान्यापर्यंतचं शिक्षण घेणारे अनेक भारतीय थायलंड, दुबई किंवा स्पेनला जातात. केंद्र सरकारच्या २०२२ च्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणात स्कायडायव्हिंगचा समावेश आहे. त्यामुळे पैसे भरण्याआधी आयोजकांकडे कोणत्या परवानग्या आहेत, हे विचारायलाच हवं.

शिक्षण कसं होतं?

टँडम उडीत प्रशिक्षक तुम्हाला स्वतःच्या पट्ट्यांना जोडून घेतो. सगळं काम त्याचं असतं, त्यामुळे हा अनुभव आहे, शिक्षण नव्हे.

शिकण्याची प्रचलित पद्धत म्हणजे ‘एएफएफ’. आधी जमिनीवर वर्ग होतो. विमानातून बाहेर कसं पडायचं, शरीराची कमान कशी ठेवायची, उंची कधी पाहायची हे घोटून घेतलं जातं. सर्वात महत्त्वाचा धडा आणीबाणीचा असतो. मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही, तर आधी ते सोडून द्यायचं आणि मग राखीव उघडायचं. क्रम चुकला, तर दोन्ही एकमेकांत अडकू शकतात.

सुरुवातीच्या उड्यांत दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी विद्यार्थ्याला धरून असतात, नंतर एकच. १३ हजार फुटांवरून उडी घेतली की जवळपास पाऊण मिनिटात विद्यार्थी साडेपाच हजार फुटांवर येतो आणि तिथे पॅराशूट उघडतो. न उघडल्यास जमीन तिथून साधारण ३० सेकंदांवर असते. अमेरिकी संघटना ‘यूएसपीए’च्या पहिल्या, म्हणजे ‘ए’ परवान्यासाठी किमान २५ उड्या लागतात.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी मारली होती. आधी सरावाची एकही उडी न मारता. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमध्ये नऊवारी साडी नेसून उडी मारली. पण पहिली उडी त्यांनी जशी मारली, ती वाट नवशिक्यांसाठी नाही.

पॅराशूटचं माप कसं ठरतं?

इथे ‘विंग लोडिंग’चं गणित येतं. स्वतःचं आणि सगळ्या सामानाचं एकूण वजन पौंडांत घ्यायचं आणि त्याला कापडाच्या चौरस फुटांनी भागायचं.

समजा, एखाद्या मुलीचं वजन ६८ किलो आहे आणि सामान १२ किलो. एकूण ८० किलो, म्हणजे सुमारे १७६ पौंड. मग:

- २३० चौरस फुटांच्या पॅराशूटवर आकडा येतो ०.७७. हे विद्यार्थ्यांसाठीचं माप.
- १९० वर ०.९३. परवाना मिळाल्यानंतरच्या पहिल्या पॅराशूटसाठी योग्य.
- १३५ वर १.३. नवशिक्यासाठी धोकादायक.

नवशिक्याने १ च्या वर जाऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. आकडा वाढला की पॅराशूटचा वेग वाढतो. दोरी तेवढीच ओढली तरी ते जास्त झपाट्याने वळतं आणि वळताना जास्त उंची गमावतं. जमिनीजवळ दचकून घेतलेलं असं एक वळण पाय मोडायला किंवा जीव जायला पुरेसं असतं. या खेळातले अनेक गंभीर अपघात पॅराशूट न उघडल्याने नाही, तर व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली, उतरताना होतात.

मोठं पॅराशूट चूक माफ करतं. लंबवर्तुळाकार, चपळ पॅराशूटपेक्षा आयताकृती किंवा कडांना किंचित निमुळतं पॅराशूट सुरुवातीला बरं.

विकत घ्यावं की भाड्याने?

सुरुवातीला भाड्यानेच. उड्या वाढतात तसं योग्य माप बदलतं आणि पूर्ण नवा संच काही लाख रुपयांना पडतो. जुना घ्यायचा असेल, तर पैसे देण्याआधी परवानाधारक ‘रिगर’कडून तपासून घ्यावा. कापड किती उड्या झालेलं आहे, दोऱ्या झिजल्या आहेत का, राखीव पॅराशूटची घडी शेवटची कधी घातली होती, हे विचारावं. अमेरिकेत राखीवची घडी दर १८० दिवसांनी नव्याने घालावी लागते.

एका वस्तूवर मात्र काटकसर नको: ‘एएडी’. उडी मारणारा बेशुद्ध पडला किंवा उंचीचं भान सुटलं, तर हे छोटं यंत्र जमिनीपासून साधारण ७५० फुटांवर राखीव पॅराशूट आपोआप उघडतं.

मग धोका किती?

यूएसपीएच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ३६.५ लाख उड्या झाल्या आणि १० जणांचा मृत्यू झाला. चांगली साधनं आणि कडक शिस्त यांमुळे हा आकडा खाली आला आहे. पण कोणतंही यंत्र उतरतानाचं चुकीचं वळण थांबवू शकत नाही. तिथे उपयोगी पडतो तो सराव आणि डोक्यावरचं जरा जास्तीचं कापड. म्हणून मित्राने त्याचं लहान, वेगवान पॅराशूट स्वस्तात देऊ केलं, तरी आधी वजनाचा भागाकार करून पाहावा आणि प्रशिक्षकाला विचारावं.