आमचाही एक किनारा

सहलीचा विषय निघाला की आमच्या वर्गात एकच घोष होतो : समुद्र! अलिबागचा कुलाबा किल्ला, मुरूडचा जंजिरा, हरिहरेश्वर. शिरूर-दौंडच्या कोरड्या मुलुखातील मुलांना अथांग पाण्याची ओढ वाटावी यात नवल नाही. परंतु निसर्ग आणि इतिहास एकाच काठावर पाहायचे तर घाट उतरलाच पाहिजे असे नाही. कुकडी, घोड आणि भीमा यांचा काठ हाही एक किनाराच आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही चार मित्रांनी तो दोन दिवसांत पाहिला.

आरंभ शिरूर तालुक्यातील टाकळी हाजीपासून केला. पलीकडे पारनेर तालुक्यातील निघोज, मध्ये कुकडी. येथे नदीचे पात्र काळ्या पाषाणात खोल शिरते आणि खडकात रांजणासारखे गोल, गुळगुळीत खळगे दिसू लागतात. ते कोणी कोरले? पुराबरोबर वाहत आलेले दगडगोटे एखाद्या लहानशा खाचेत अडकतात, भोवऱ्यात गरगर फिरतात आणि खाच घासत घासत खोल करतात. हजारो वर्षे हे दळण चालले म्हणजे रांजण तयार होतो. काठावर मळगंगा देवीचे मंदिर आहे. पावसाळ्यात येथे जाणे धोक्याचे; पाणी ओसरल्यावर जावे.

कुकडी पुढे घोडनदीला मिळते आणि घोडनदी शिरूरवरून इनामगावकडे जाते. मी याच काठचा. लहानपणी नांगरटीत निघालेली रंगीत खापरे आम्ही नदीत भिरकावीत असू. कोणाचे खापर पाण्यावर अधिक टप्पे घेते, याची पैज लागे. ती खापरे काय होती हे महाविद्यालयात आल्यावर कळले. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगावला उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ते लोक गहू व जव पिकवीत, बांध घालून पाटाने पाणी खेळवीत. मृत बालकांना दोन मडक्यांची तोंडे जुळवून घरातच पुरीत. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान घटले, असे संशोधक मानतात. ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेर गाव उठले. दुष्काळात गाव सोडणे म्हणजे काय, हे आमच्या तालुक्यांना वेगळे सांगावे लागत नाही. आज तेथे डोळ्यांत भरेल असे काही उभे नाही. पाय ठेवण्यापूर्वी ही हकीकत ठाऊक असेल, तरच पांढरीची ती माती बोलते.

घोड भीमेला मिळते. दौंडच्या पूर्वेला भीमेच्या उत्तर तीरावर, श्रीगोंदे तालुक्यात, पेडगावचा बहादूरगड आहे. त्याला आता धर्मवीरगड म्हणतात. मोगल सरदार बहादूरखान कोकलताश याची ही छावणी. नदीचे पाणी मोटेने वर चढवून किल्ल्यात नेण्याची सोय होती, तिचे बांधकाम काठावर आढळते. आत लक्ष्मीनारायणाचे कोरीव मंदिर आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये कैद झालेल्या संभाजीमहाराजांना व कवी कलशांना येथेच औरंगजेबापुढे उभे केले गेले. ते आठवताच आमच्या गप्पा थांबल्या. संध्याकाळपर्यंत कोणी फारसे बोलले नाही.

मित्रहो, समुद्र अवश्य पाहावा. पण त्याआधी एकदा आपल्या नदीकाठाने चालून यावे. खापर सापडले तर उचलू नये, असेल तेथेच राहू द्यावे. तीन हजार वर्षे मातीने जपलेली किती खापरे मी पैजेपायी पाण्यात घालवली, याचा हिशेब आता कोणत्याच उत्खननात लागणार नाही.