बाधलेल्या माशातून निघालेली लायब्ररी

कच्चा मासा बाधला आणि त्यातून सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लायब्ररीची कल्पना निघाली! हे ती लायब्ररी रचणाऱ्या अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांनीच सांगून ठेवलंय. 1976 साली, सोव्हिएत संघात असताना, ते विषबाधेने हॉस्पिटलात पडले होते. त्या भ्रमात त्यांना उमगलं की मोठी बेरीज वाटून घेऊन एकाच वेळी करता येते ती तिच्या एका गुणामुळे: कंस कुठेही घाला, उत्तर तेच. मग हा गुण जिथे जिथे असेल, तिथे तीच रीत चालणार. एकदाच लिहा, सगळीकडे वापरा!

अशा लायब्ररीची गरज मोठी होती. 1985 साली सी प्लस प्लस बाजारात आली ती जवळपास रिकाम्या हातांनी. मग जो तो आपापला स्ट्रिंग क्लास लिहू लागला आणि दोन कंपन्यांचे क्लास एका प्रोग्रॅममध्ये नांदेनात. मोठी लायब्ररी सोबत दिली नाही, याची भाषेचे जनक ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांना पुढे खंत वाटत राहिली.

नोव्हेंबर 1993 मध्ये स्टेपानोव्ह यांनी सॅन होजेत सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड समितीपुढे आपली कल्पना मांडली. जुलै 1994 मध्ये, कॅनडातल्या वॉटर्लूच्या बैठकीत, ती मंजूरही झाली! पाठोपाठ, ते जिथे काम करत होते त्या एचपी कंपनीने सगळा कोड इंटरनेटवर फुकट टाकला. आणि गंमत म्हणजे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेला ही लायब्ररी देणाऱ्या स्टेपानोव्हना ऑब्जेक्ट-ओरिएंटेड विचारसरणी मुळातच पटत नव्हती.

मला सर्वांत आवडते ती वेळेची हमी. नोंदी क्रमाने लावणाऱ्या ‘सॉर्ट’ फंक्शनने काय करायचं एवढ्यावर स्टँडर्ड थांबत नाही, किती कामात करायचं हेही बांधून देतं. प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येकीशी ताडून पाहिली, तर दहा लाख नोंदींना 50,000 कोटींच्या आसपास तुलना लागतात. सॉर्टचं काम साधारण दोन कोटींच्या घरात उरकतं. 1998 च्या स्टँडर्डमध्ये ही हमी सरासरीपुरती होती. 2011 पासून वाईटातल्या वाईट परिस्थितीतही ती पाळावीच लागते.

हॅश टेबलची मात्र गाडी चुकली. प्रस्ताव उशिरा आला, 1998 चा मुहूर्त हुकला, थेट 2011 उजाडलं. तोवर ‘हॅश मॅप’ हे नाव कंपन्यांनी आपापल्या परीने वापरून टाकलेलं, म्हणून समितीने ‘अनऑर्डर्ड मॅप’ असं बारसं केलं.

स्ट्रिंगचं काय? शंभरावर फंक्शन्स, पण ‘हा शब्द तुझ्यात आहे का?’ असं सरळ विचारणारं ‘कंटेन्स’ आलं 2023 च्या स्टँडर्डमध्ये!

काही गोष्टी लायब्ररीतून गेल्याही. मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या ‘ऑटो पॉइंटर’ची नक्कल केली की मूळच रिकामं व्हायचं. 2017 च्या स्टँडर्डमध्ये त्याला निरोप मिळाला.

महाराष्ट्रातल्या कित्येक इंजिनीअरिंग कॉलेजांत वर्षानुवर्षं टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या पडद्यावर प्रॅक्टिकल झाली. तो कंपायलर स्टँडर्डच्याही आधीचा. ‘क्लियरस्क्रीन’ करणारं ते फंक्शन, शेवटचं ‘गेटसीएच’, ‘आयओस्ट्रीम’पुढचं ‘डॉट एच’ यांपैकी काहीच स्टँडर्डमध्ये नाही. ज्या लॅबमध्ये तो निळा पडदा अजून असेल, तिथे फुकट मिळणारा जीसीसी कंपायलर आजच टाकावा. व्हेक्टर (गरजेप्रमाणे वाढणारी यादी) आणि सॉर्ट मुलांना पहिल्या आठवड्यातच वापरता येतील.